विकतची भीती

जत्रेत माणसांचे दोनच वर्ग असतात. एक पाळण्यात बसणारे, आणि दुसरे खाली उभं राहून बसणाऱ्यांच्या चपला सांभाळणारे. मी पहिल्यापासून दुसऱ्या वर्गातला. यात कमीपणा काही नाही. पाळणा वर गेला की लोकांच्या चपला, चष्मे, पर्सा, पिपाण्या आणि अर्धवट चोखलेले बर्फाचे गोळे खाली कुणाच्या तरी हाती असावेच लागतात. आणि ज्याची उमेद बँकेत दुसऱ्यांचे पैसे सांभाळण्यात गेली, त्याला दुसऱ्यांच्या चपला सांभाळणं काय जड? उलट चपलांवर व्याज द्यावं लागत नाही, हा फायदाच.

शिवाय चपला सांभाळणाऱ्याची एक चैन असते. पाळण्यातल्याला फक्त आकाश दिसतं. खालच्याला चेहरे दिसतात. माणूस वर जाताना हसत असतो. टोकाला पोचला की एकदम गंभीर होतो. आणि खाली येताना त्याचा चेहरा असा होतो, की ऑडिट पार्टी न कळवता दारात येऊन उभी आहे. असा तो पिळून, घुसळून, पांढराफटक होऊन खाली उतरतो आणि तोंडातून पहिलं वाक्य काढतो, "पुन्हा एकदा!"

हे वाक्य मी असंख्य तोंडांतून ऐकलं आहे आणि दर वेळी माझी बी. कॉम.ची पदवी लाजली आहे. माणूस पैसा खर्च करतो तो सुखासाठी, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. दुःख टाळण्यासाठीही करतो. विम्याचा हप्ता त्यातलाच. पण खिशातून पन्नास रुपये काढून "मला जरा घाबरवा हो" म्हणणारं गिऱ्हाईक आमच्या एकाही पुस्तकात नव्हतं. विकतचं दुखणं घेऊ नये असं आपले वाडवडील सांगत आले. विकतच्या भीतीबद्दल मात्र त्यांनी काहीच सांगून ठेवलेलं नाही.

आता मी हा प्रश्न घेऊन का बसलो आहे, ते सांगायला हवं. त्यासाठी तुम्हाला औंढ्याला यावं लागेल.

औंढा नागनाथ हे हिंगोली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. जिल्हा १९९९ साली झाला, त्याआधी आम्ही परभणीचे होतो. गावाची ओळख म्हणजे नागनाथाचं हेमाडपंती देऊळ. बारा ज्योतिर्लिंगांतलं हे आठवं. द्वारकेजवळचे लोक ते आपल्याकडे आहे म्हणतात, पण त्यांना तरी कोण अडवणार? महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. देवाचा रथ निघतो, माणसांचा पूर येतो, आणि माणसांच्या पाठोपाठ पाळणे येतात.

महाशिवरात्रीला महिना उरला की गावात दोन तयाऱ्या सुरू होतात. एक देवस्थानाची: रंगरंगोटी, मांडव, दर्शनाची रांग. दुसरी आमच्या शाखेसमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथे एक समिती बसते. आमचे हेड कॅशियर, एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर, शाळेत विज्ञान शिकवणारे सर आणि पदसिद्ध अध्यक्ष म्हणून टपरीवाला, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते. विषय एकच: यंदा कोणता पाळणा येणार?

"यंदा ब्रेकडान्स नक्की," हेड कॅशियर सांगतात.

"कशावरून?"

"दसऱ्याला हिंगोलीत होता. तिथून माळेगावच्या खंडोबाला गेला. आता इकडेच येणार. जाईल कुठे?"

ही भविष्यवाणी अगदीच हवेतली नाही. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, रामलीला मैदानावर मोठं प्रदर्शन भरतं, आणि पाळणेवाले तिथून यात्रा-यात्रांनी फिरत असतात. त्यामुळे आमची समिती त्यांचा मार्ग ग्रहांसारखा मांडते. कोलंबस सध्या कोणत्या घरात आहे, टोराटोरा वक्री झाला आहे का, वगैरे. यात्रेला आठ दिवस उरले की पुरावे गोळा होतात. रात्री एखादा ट्रक येतो, लोखंड उतरतं, आणि सकाळी चौघे जण हात मागे बांधून त्या ढिगाऱ्याभोवती फिरतात.

"निळे खांब आहेत. हा कोलंबस नव्हे. कोलंबस लाल असतो."

"रंग बदलला असेल."

"रंग बदलेल हो, पण वाकडा तुकडा कुठे आहे? नावेचं नाक कुठे आहे?"

एवढा बारकाईनं तपास आमच्या बँकेत तारण दागिन्यांचाही होत नाही.

हे वेड औंढ्याचंच आहे असं समजू नका. अमेरिकेत रोलर कोस्टरच्या शौकिनांची चक्क संघटना आहे, १९७८ साली स्थापन झालेली. रोलर कोस्टर म्हणजे रुळांवरून डोंगरासारखी चढत-उतरत, कधी उलटीपालटी होत धावणारी गाडी. एखाद्या बागेत नवा खड्डा खणला की तिकडचे शौकीन खड्ड्याच्या अंतरावरून आणि ट्रकवरच्या रुळांच्या रंगावरून येणारी गाडी किती उंच, किती वेगवान आणि किती वेळा उलटी होणार, याचे अंदाज बांधू लागतात. थोडक्यात, निळे खांब आणि नावेचं नाक. माणूस इथून तिथून सारखाच. फक्त चहा आणि कॉफीचा फरक.

फरक आणखी एक आहे. ते लोक नंतर त्या गाडीत बसतात. आमच्या समितीतला एकही सभासद कधी पाळण्यात बसलेला नाही. हेड कॅशियर कॅलेंडर टांगायलासुद्धा स्टुलावर चढत नाहीत, शिपायाला हाक मारतात. ड्रायव्हर म्हणतात, "तीस वर्षं एसटी चालवली मराठवाड्यातल्या रस्त्यांवर. आता पैसे देऊन हादरे खाऊ?" सर शाळेची सहल घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेले होते. ती बाग २०१३ साली उघडली. तिथे नायट्रो नावाची गाडी आहे. तिच्यात बसणाऱ्याच्या पायाखाली फळीच नसते, पाय अधांतरी लोंबतात. सरांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि स्वतः पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. "पायाखालची जमीन काढून घ्यायचे पैसे कसले देता?" हे सरांचं मत. "ते काम आमची संस्था फुकट करते."

तर अशा या समितीपुढे एका यात्रेत एक नैतिक प्रश्न उभा राहिला.

आम्ही सगळे आकाशपाळण्याखाली उभे होतो. पाळणा वर चालला होता, आणि हेड कॅशियरांनी एकदम माझा दंड धरला. "बघा, बघा! तिसऱ्या डब्यात कोण आहे?"

तिसऱ्या डब्यात डोक्याला उपरणं बांधलेला एक साठीचा शेतकरी होता, मांडीवर नातू. आमचा खातेदार. पीककर्ज थकलेलं, दोन नोटिसा मीच पाठवल्या होत्या.

"याला म्हणतात मस्ती!" हेड कॅशियर म्हणाले. "हप्ता जमिनीवर आणि साहेब आकाशात!"

सरांनी दुजोरा दिला. "पन्नास रुपये याचे, पन्नास पोराचे. शंभर रुपये वाऱ्यावर. त्यातून काय मिळालं? काही नाही. नुसती भीती."

आणि मग समितीत तो प्रश्न रीतसर मांडला गेला, जो मनूपासून रिझर्व्ह बँकेपर्यंत कुणीही हाताळलेला नाही: थकबाकीदाराने पाळण्यात बसावे काय?

तुम्ही हसाल. पण जरा प्रामाणिकपणे सांगा, हा प्रश्न आपण सगळेच मनात बाळगून असतो की नाही? कामवाल्या बाईच्या हातात चांगला मोबाइल दिसला की आपल्या भुवया वर जातात. गरिबानं लग्नात बँड लावला की आपल्याला त्याच्या कर्जाची काळजी वाटते. गरजेच्या वस्तू त्यानं घ्याव्यात, याला आपली हरकत नसते. चैनीला आपण परवानगी दिलेली नसते. त्यात भीतीसारखी चैन! ज्याला पाऊस, बाजार आणि बँक या तिघांची फुकट भीती वर्षभर पुरून उरते, त्यानं आणखी विकत का घ्यावी?

या प्रश्नाचा आगापिछा शोधताना मला कळलं, की हा सगळा खेळच मुळी लोकांना वळण लावण्याच्या इच्छेतून वाढलेला आहे. फार पूर्वी रशियात हिवाळ्यात लाकडी उतार बांधून त्यावर पाणी ओतत. पाणी गोठलं की माणसं त्यावरून घसरत. तो शौक पॅरिसला पोचला, तिथे १८१७ साली चाकांच्या गाड्या उतारावरून धावू लागल्या. पुढे १८८४ साली लामार्कस थॉम्पसन नावाच्या गृहस्थानं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला अशी गाडी सुरू केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी सुमारे दहा किलोमीटर, म्हणजे सायकलवरून सावकाश जाणाऱ्या पोस्टमनएवढा. एका टोकाला गेल्यावर उतारूंनी उतरायचं, नोकरांनी गाडी ढकलून पुढच्या चढावर न्यायची, मग उतारूंनी पुन्हा बसायचं. आणि हा थॉम्पसन मोठा धार्मिक माणूस. लोकांनी दारूच्या गुत्त्यात जाऊ नये, त्यांना काही निर्मळ करमणूक मिळावी, म्हणून त्यानं हा उद्योग केला, असं सांगतात. म्हणजे पाळणा हा मूळचा नशाबंदीचा कार्यक्रम! मजा अशी, की फ्रेंच, स्पॅनिश आणि इटालियन लोक या गाडीला "रशियन डोंगर" म्हणतात, आणि खुद्द रशियन लोक तिला म्हणतात "अमेरिकन टेकड्या". असल्या खुळाचं पितृत्व कोणताच देश स्वतःकडे घ्यायला तयार नाही.

तिचं यंत्र सरांनी मला समजावून दिलं, आणि मी ते माझ्या भाषेत नोंदवून घेतलं. साध्या रोलर कोस्टरला इंजिन नसतं. साखळीनं गाडी पहिल्या चढावर ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढचा सगळा प्रवास त्या एका उंचीवर. म्हणजे पहिला चढ ही ठेव. पुढचे चढ-उतार म्हणजे त्या ठेवीतून काढलेल्या रकमा. घर्षण हे बँकेचे आकार, ते दर फेरीला कापले जातात. म्हणून पुढचा एकही चढ पहिल्यापेक्षा उंच असत नाही. ठेवीपेक्षा जास्त रक्कम काढता येत नाही. जगात ओव्हरड्राफ्ट न मिळणारं एकमेव खातं.

पण मला सर्वांत आवडलं ते चाक. जॉन मिलर नावाच्या इंजिनिअरनं १९१९ साली त्याचं पेटंट घेतलं. गाडीची काही चाकं रुळावर चालतात, काही रुळाच्या बाजूला टेकलेली असतात, आणि मिलरनं एक चाक रुळाच्या खालून बसवलं. ते वरून दिसत नाही. गाडी उसळून रुळावरून उडू पाहते तेव्हा हे खालचं चाक तिला धरून ठेवतं. या एका चाकामुळे पुढचे सगळे भयानक उतार आणि कोलांट्या शक्य झाल्या. माणूस जेवढा निर्धास्तपणे किंचाळतो, तेवढं काम खाली ते चाक करत असतं.

हे सगळं ऐकून हेड कॅशियर म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण वसुलीचं काय?"

त्याच वर्षी पावसाळ्यात आम्हाला सर्वांना एक फुकटची फेरी मिळाली. १० जुलै २०२४. सकाळचे सव्वासात वाजले असतील. आधी जमिनीतून गुरगुर आली, मग पत्रे थरथरले, मांडणीवरची भांडी वाजली. ४.५ तीव्रतेचा भूकंप, केंद्र आमच्या शेजारच्या कळमनुरी तालुक्यात. मार्च महिन्यातही एक असाच होऊन गेला होता. सगळी गल्ली रस्त्यावर. हेड कॅशियर बनियनवर. मी एका हातात दाढीचा ब्रश घेऊन. सौ. देवघरातला बाळकृष्ण घेऊन बाहेर आली आणि नंतर आठवण झाली म्हणून मुलाला हाका मारू लागली. पाळण्यात बसल्यावर यापेक्षा कितीतरी जास्त हादरे बसतात. पण त्या दिवशी रस्त्यावर उभ्या असलेल्या एकाही माणसानं "पुन्हा एकदा!" म्हटलं नाही. लोक घरात जायला तयार नव्हते. ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ऐकली-पाहिली आहे, ते तर दुपारपर्यंत भिंतीला पाठ टेकत नव्हते.

हादरा तोच. जमीन तीच. मग एका हादऱ्याला आपण पन्नास रुपये देतो आणि दुसऱ्याला नवस बोलतो, हे का?

याचं उत्तर मला त्या तिसऱ्या डब्यातल्या थकबाकीदारानं दिलं. तो काउंटरवर आला कर्जाचं नवं-जुनं करायला. नवं-जुनं म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. जुनं कर्ज कुठूनतरी पैसे आणून फेडायचं आणि त्याच हातानं नवं उचलायचं. माणूस एकाच बाकावर बसून एक मिनिट कर्जमुक्त होतो. त्या एका मिनिटात त्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते मी पाळण्याच्या टोकावर पुष्कळदा पाहिलेलं आहे.

अंगठा, सह्या, शिक्के चालू असताना मी सहज म्हणालो, "काका, यात्रेत पाळण्यात बसला होतात."

तो जरा ओशाळला. मग म्हणाला, "पोरगं रडायलं होतं, साहेब." आणि थोडं थांबून, "आन् मलाबी बसू वाटलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली की. वर गेल्यावर पोटात गोळाच आला. पर हितं कसं हाय साहेब, पाच मिन्टांत खाली उतरवतेत. हळदीत बसलो की कवा उतरवतेल ते कुणीच सांगंना."

बस्स. एवढंच बोलला आणि पासबुक घेऊन गेला. मी काउंटरवर व्हाउचर धरून तसाच बसलो.

आमच्याकडे हळद हे मोठं पीक आहे. हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग लागतात. तिचा भाव असा चढतो आणि असा कोसळतो, की रोलर कोस्टरवाल्यांनी शिकायला यावं. पण त्या गाडीत लोखंडी दांडा खाली येऊन मांडीवर बसत नाही, खालून चाक नसतं, आणि फेरी किती मिनिटांची हे पाटीवर लिहिलेलं नसतं. सोयाबीनचं तेच, पावसाचं तेच. एक जण चुकून बसला तर पुढच्या पिढीला उतरवून घेतात.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की आम्ही सगळे जण पाळण्याचा हिशेब उलटा मांडत होतो. माणूस भीती विकत घेतच नाही. भीती त्याच्याकडे मुबलक आहे, घरची. तो विकत घेतो ती भीती संपण्याची खात्री. पन्नास रुपयांत वर्षातून एकदा असं घडतं, की पोटात गोळा येतो, डोळे मिटतात, आता संपलंच असं वाटतं, आणि मग खरोखरच संपतं. पाय जमिनीला लागतात. जमीन जिथे होती तिथेच असते. ज्याच्या आयुष्यात बाकी कुठलीच भीती अशी वेळेवर संपत नाही, त्याला ही पाच मिनिटं स्वस्त वाटतात. "पुन्हा एकदा" तो घाबरण्यासाठी म्हणत नाही. पुन्हा एकदा सुखरूप उतरण्यासाठी म्हणतो. चैन असेलच तर ती आमच्यासारख्यांची. आमचा पगार एक तारखेला होतो, आमची भीती मुदत ठेवीत असते, म्हणून आम्हाला पाळण्याची गरज भासत नाही. आम्ही खाली उभे राहतो ते संयमी म्हणून नव्हे. आम्ही आधीच खाली उतरलेले असतो.

हे मी समितीपुढे ठेवलं. सर गप्प झाले. ड्रायव्हर म्हणाले, "खरं आहे. एसटीत लोक झोपायचे. घाटातसुद्धा. मी कधी विचार केला नव्हता की का झोपतात."

"का झोपायचे?"

"मी जागा होतो म्हणून."

ते अगदी सहज बोलले, पण त्यामुळे गोष्ट पूर्ण झाली. कारण ती खात्री आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी तयार केलेली असते. पाळणा उभा राहतो त्या रात्री हातात पाना घेऊन, अंगावर फाटकं स्वेटर घालून, एक पोरगा खांबावर चढलेला असतो. दिवसा तो तिकिटं फाडणाऱ्याच्या मागे कुठेतरी पेंगत असतो. त्याच्याकडे कुणी पाहत नाही. सगळ्या यात्रेनं किंचाळायचं ते त्याच्या मनगटाच्या भरवशावर. कुठल्यातरी गावच्या यात्रेत पाळणा तुटल्याची बातमी अधूनमधून पेपरात येते. तेव्हा आपल्याला कळतं, की तिथे पाना फिरला नव्हता, किंवा पाना फिरवणाऱ्याला झोप मिळाली नव्हती, किंवा तपासणीच्या कागदावर नुसतीच सही झाली होती. सही म्हणजे काय चीज असते, हे बँकेतल्या माणसाला कुणी सांगायला नको.

म्हणून माझ्या मते खरा नैतिक प्रश्न "थकबाकीदाराने पाळण्यात बसावे काय" हा नव्हेच. त्यानं खुशाल बसावं. प्रश्न असा, की त्याचा दुसरा पाळणा, तो बाजाराचा आणि पावसाचा, त्याचे नट कोणी आवळायचे? तिथे चाक खालून कोण लावणार? तो पाळणा चालवणारे आपण सगळे थोडे थोडे आहोत. भाव ठरवणारे, विमा उतरवणारे, पंचनामा करणारे, आणि काउंटरवर बसून दोन नोटिसा पाठवणारेही. वर बसलेल्याच्या हिमतीबद्दल किंवा उधळपट्टीबद्दल मत देण्याआधी खालच्यानं आपल्या हातातल्या पान्याकडे एकदा पाहावं, एवढंच माझं म्हणणं.

असली मतं ऐकवायला औंढ्याइतकं सोयीचं गाव नाही. कारण या गावातली सर्वांत मोठी फिरणारी वस्तू म्हणजे खुद्द देऊळ. संत नामदेव नरसीचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. कथा अशी, की ते देवळासमोर कीर्तन करत होते. तिथल्या मोठ्या लोकांना ते रुचलं नाही. "समोर गर्दी करू नका, मागे जा," असं त्यांना सांगण्यात आलं. नामदेव निमूटपणे मागे गेले आणि गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. आजही नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, आणि गावातलं पोरसुद्धा पुरावा म्हणून तो दाखवतं. आता देऊळ फिरलं की नाही यावर सर विज्ञानाचे नियम सांगतील. मला त्यात एवढंच दिसतं, की "तुझी जागा ही नव्हे" असं सांगणारे लोक तेव्हाही होते, आणि तेव्हाही ते खालीच उभे होते.

तर हे सारं मी ऐकवल्यावर समिती काही काळ थंड पडली. पण शौक असा मरत नाही. आणि नशिबानं औंढ्याला असा पाळणा येतो आहे, की अंदाज बांधायला समितीला काही वर्षं पुरतील. आमच्या तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो नावाची प्रयोगशाळा उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन नळ्या, एकेक चार किलोमीटर लांब.

"चार किलोमीटर!" हेड कॅशियर उभेच राहिले. "आणि वेग किती?"

"आत प्रकाश जाणार," सर म्हणाले. "माणसं नाही."

मग सरांनी सांगितलं. दूर आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशालाच लाटा येतात. त्या लाटेत जग किंचित ताणलं जातं, आखडलं जातं. ते मोजायला नळीच्या टोकांना आरसे टांगतात, चाळीस-चाळीस किलोंचे, काचेच्या बारीक तारांवर, एकाखाली एक अशा झोक्यांनी. टांगतात अशासाठी, की जमीन कितीही थरथरली तरी आरसा हलू नये. म्हणजे हाही पाळणाच. पण न हलण्यासाठी बांधलेला.

असे पाळणे अमेरिकेत आधीच आहेत, हॅनफर्डला आणि लिव्हिंग्स्टनला. तिथे पहिली लाट सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आलेली. चार किलोमीटरच्या नळीत फरक पडला तो प्रोटॉनचे शेकडो भाग केल्यास त्यातल्या एकाएवढा. मी लगेच हिशेब केला. त्या दिवशी सोमवार होता, आपल्याकडे दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. दुष्काळाचं वर्ष, पोळा नुकताच होऊन गेलेला. काउंटरवर रांग असणार. मी, हेड कॅशियर, रांगेतले लोक, नागनाथाचं देऊळ, सगळे एकाच फेरीत ताणलो गेलो आणि पुन्हा होतो तेवढे झालो. तिकीट नाही, दांडा नाही, आणि कुणी चपला सांभाळायला बाहेर उभं राहू शकलं नाही.

टपरीवाल्यानं कप उचलले. ड्रायव्हर बिडी शोधू लागले. हेड कॅशियर मात्र बराच वेळ विचारात होते. पूर्वीचे असते तर उंची किती आणि रंग कोणता, हे विचारलं असतं.

"सर," ते म्हणाले, "त्या काचेच्या तारा रोज तपासणार कोण?"